बालकांचे दाट कुरळे केस : प्रक्षालन, गुंता आणि ‘जट’

प्रस्तावना

ज्वर, अतिसार, कास अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बालकांच्या डोक्याकडे वैद्याचे लक्ष क्वचितच जाते. केस धुणे व विंचरणे हा आईचा प्रांत, त्यात वैद्याचे काय काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु परभणी जिल्ह्यात व्यवसाय करीत असताना आमच्या असे वारंवार निदर्शनास आले आहे की, दाट व कुरळ्या केसांच्या लहान मुलींमध्ये केस नीट न धुतल्याने व न उकलल्याने होणारा गुंता ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही. दुर्लक्षित गुंत्याची पुढची अवस्था म्हणजे ‘जट’ होय, आणि जट दिसली की घरातील वडीलधारी मंडळी वैद्याकडे न येता देवऋष्याकडे जातात. ‘देवीची खूण आली, आता कात्री लावायची नाही’ असा निर्णय एकदा झाला म्हणजे त्या बालिकेचे डोके, तिची शाळा आणि काही ठिकाणी तिचे पुढील सारे आयुष्यच पणाला लागते.

म्हणूनच या विषयाचा शास्त्रीय व व्यावहारिक विचार आमच्या व्यवसायबंधूंपुढे व औषधी दुकानदारांपुढे मांडण्याचे योजिले आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : गुंता ही स्नेहन, प्रक्षालन व प्रसाधन या तीन उपक्रमांतील खंडाने उत्पन्न होणारी अवस्था असून पहिल्या काही आठवड्यांत ती पूर्णतः साध्य आहे. या काळात तिला वैद्याने ओळखले नाही, तर तिचे नामकरण दुसरे कोणीतरी करते.

केसांविषयी शास्त्रविचार

चरकाचार्यांनी ग्रहणी चिकित्सेच्या अध्यायात केस व लोम यांना अस्थिधातूचा मल म्हटले आहे. शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात केसांची गणना पितृज भावांत केली आहे. कुरळेपणा हा बीजातून येणारा गुण आहे, तो दोष नव्हे आणि व्याधीही नव्हे, हे पालकांना समजावून सांगताना हा संदर्भ उपयोगी पडतो. सुश्रुताचार्यांनी तर गर्भव्याकरण शारीरात कफप्रकृतीच्या पुरुषाचे केस स्थिर, कुटिल व भुंग्यासारखे काळे असतात असे वर्णन केले आहे. म्हणजे ‘कुटिल’ केस हे शास्त्रदृष्ट्या उत्तम प्रकृतीचे लक्षण ठरते. ‘पोरीचे केस असे कसे?’ म्हणून खंतावणाऱ्या आईला हे आवर्जून सांगावे.

आधुनिक शरीररचनाशास्त्रानेही यास पूरक माहिती दिली आहे. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल, तर कुरळ्या केसाचा लंबगोल व चपटा असतो, आणि त्याचे मूळ त्वचेत वक्र बसलेले असते. केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. त्वचेतून स्रवणारा नैसर्गिक स्नेह सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतो. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर तो अडतो. परिणामी मुळाशी तेलकटपणा व टोकाशी रूक्षता अशी विषम स्थिती एकाच केसात आढळते. केस दाट असल्यास शेजारच्या केसांची वळणे एकमेकांत अडकतात. सारांश, कुरळ्या केसांची रचना कफाची असली तरी त्यांच्या टोकांवर राज्य वाताचे असते. त्यांच्या उपचाराचे सारे सूत्र या एका गोष्टीत आहे.

हेतू व संप्राप्ती

गुंत्याचे हेतू पाहताना आपल्या जिल्ह्याची परिस्थिती ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

(१) जड पाणी : आपल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात अनेक गावांना विंधन विहिरींचाच आधार आहे. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही व भांड्यांवर पांढरा थर बसतो, ते पाणी जड समजावे. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो. आई म्हणते, ‘रोज साबण लावते तरी केस चिकटच’. तिचे म्हणणे अक्षरशः खरे असते.

(२) साबण : अंगाचा साबण व कपड्यांचा साबण दोन्ही क्षारधर्मी आहेत. क्षाराने केसांवरील खवले उचलले जातात, खरता वाढते व केस एकमेकांत अडकतात. कपडे धुण्याची पावडर डोक्यास लावण्याची सवय काही घरांत आढळते, ती तर सर्वथा वर्ज्य करावी.

(३) स्थलांतर : गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. फडावरील कोपीत पाण्याची टंचाई, आईचा दिवस पहाटेपासून कोयत्याबरोबर, आणि मूल पाचटात खेळणारे. चार-पाच महिने केसांना पुरेसे पाणी व कंगवा न लाभल्यास दाट कुरळ्या केसांचे काय होणार, हे निराळे सांगणे नलगे.

(४) जावळाचा नवस : कुलदैवतापुढे जावळ उतरविण्याचा नवस असल्यास काही कारणाने तो लांबतो व तोवर केसांस कात्री लागत नाही. याविषयी कोणताही आक्षेप घेण्याचे कारण नाही. मात्र ‘कापायचे नाहीत’ याचा अर्थ ‘धुवायचे व विंचरायचे नाहीत’ असा लावला जातो, तेथे गुंत्यास आरंभ होतो.

(५) तेलाचा अतिरेक व प्रक्षालनाचा अभाव : दररोज तेल, परंतु महिना-महिना धुणे नाही, अशा स्थितीत तेल, घाम व धूळ मिळून लेप तयार होतो. स्नेहन हे प्रक्षालनाशिवाय अपुरे, आणि प्रक्षालन हे स्नेहनाशिवाय अपायकारक.

संप्राप्ती अशी : वळणदार केसांची टोके रूक्ष व खर होतात. उशी, अंथरूण वा आईचा खांदा यांच्याशी घर्षण होऊन, विशेषतः डोक्याच्या मागील भागात व मानेच्या वर, पहिली गाठ पडते. गळणारे केस बाहेर न पडता त्या गाठीतच अडकून राहतात. मल व स्वेद त्यांस बांधतात. प्रत्येक ओल्या-सुक्या आवर्तनासरशी गाठ आवळत जाते व अखेरीस नमद्यासारखा घट्ट गोळा बनतो. हीच जट होय. यात दैवी असे काही नाही आणि हा एखादा गूढ व्याधीही नाही.

‘जट’ आणि समाज

ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. पोलंड व त्याच्या आसपासच्या प्रदेशात अनेक शतके अशा जटा राखल्या जात. जट कापल्यास अंधत्व वा मृत्यू येतो, असा तेथील लोकांचा समज होता, आणि वैद्यकातही या अवस्थेस त्या देशावरूनच नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकोव्ह येथील वैद्यकाचे प्राध्यापक योझेफ डीट्ल यांनी ही अवस्था अस्वच्छतेतून उद्भवते हे ठामपणे मांडून तिच्याविरुद्ध मोहीम चालविली. पुढे ते त्या नगराचे महापौरही झाले.

आपल्याकडे या समजुतीला अधिक गंभीर वळण लागले. दक्षिण महाराष्ट्र व सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या नावाने, मुलीच्या केसांत जट दिसणे हे देवीने तिला मागितल्याचे चिन्ह मानले गेले व त्यातून मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कर्नाटकात १९८२ साली व महाराष्ट्रात २००५ साली या प्रथेच्या निर्मूलनाचे कायदे झाले असून मुलीस देवास वाहणे हा आज गुन्हा आहे. समर्पणाची प्रथा ओसरली, तरी जटेविषयीचे भय मात्र कायम आहे. स्वतः वैद्यकाचे पदवीधर असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जटामुक्तीचे काम हाती घेतले. समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा त्यांची व कुटुंबीयांची समजूत घालून स्वहस्ते काढल्या आहेत. त्यांतील कित्येक स्त्रियांनी वर्षानुवर्षे डोक्यावर भार, मानेचे दुखणे, उवा व दुर्गंधी सोसली होती.

येथे वैद्यबंधूंनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कार्यकर्त्यांना जी जट दहा वर्षांनंतर कात्रीने काढावी लागते, तीच जट तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सर्दी-खोकल्यासाठी आलेल्या मुलीच्या मानेवर सुपारीएवढी गाठ म्हणून उपस्थित असते. त्या वेळी ती दोन चमचे तेलाने सुटते.

परीक्षण

पाच वर्षांखालील प्रत्येक बालकाचे डोके, विशेषतः मागील भाग, हाताने चाचपून पाहण्याची सवय ठेवावी. पुढील गोष्टी पाहाव्यात.

• गाठीतील केस बोटांनी सुटे होतात की गोळा एकजीव झाला आहे.
• उवा व लिखा. लीख केसास घट्ट चिकटलेली असते, कोंडा झटकल्यास पडतो.
• दारुणक, अरूंषिका, पूय, खपली व दुर्गंधी.
• मानेमागील व कानामागील ग्रंथींची वाढ.
• केस तुटून पडलेले गोल चट्टे. येथे बुरशीच्या संसर्गाचा विचार करावा. हा संसर्ग केवळ बाह्य लेपाने जात नसल्याने त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे.
• केस विरळ, निस्तेज व पिंगट झालेले असल्यास कुपोषण व पांडूचा विचार करून अंगणवाडीतील वजनाची नोंद पाहावी.

क्वचित एखाद्या बालकाचे केस जन्मापासूनच लोकरीसारखे, घरातील कोणाशीही न जुळणारे असतात. त्याबरोबर तळहात-तळपाय जाड व कठीण असतील तर हृदयाची तपासणी अवश्य करून घ्यावी. हे लक्षणयुग्म ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावरील कुटुंबांत हृदयविकारासह प्रथम वर्णिले गेले. अशी बालके अत्यंत विरळा, परंतु ओळखली गेली तर जीव वाचतो.

प्रक्षालन व उकलविधी

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात बाविसाव्या अध्यायात मूर्धतैलाचे अभ्यंग, सेक, पिचू व बस्ती असे चार प्रकार सांगून त्यांपैकी अभ्यंग हा रूक्षता, कंडू व मल यांत योजावा असे म्हटले आहे. आपल्या विषयास याहून नेमका आधार शोधावा लागणार नाही. सुश्रुताचार्यांनी अनागताबाधप्रतिषेध अध्यायात केस विंचरल्याने धूळ, जंतू व मल दूर होतात असे सांगितले आहे. चरकाचार्यांनी मात्राशितीय अध्यायात नित्य शिरोभ्यंगाने केस दृढमूल, दीर्घ व कृष्ण होतात असे म्हटले आहे. या तिन्हींची सांगड घालून आम्ही पुढील विधी मातांना शिकवितो.

(१) स्नेहन : धुण्यापूर्वी एक तास, अथवा आदल्या रात्री, तीन ते पाच वर्षांच्या दाट केसांच्या मुलीस साधारण दोन ते तीन चहाचे चमचे तेल घ्यावे. हिवाळ्यात तिळाचे व उन्हाळ्यात खोबरेल द्यावे. मुंबईतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल तेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, सूर्यफूल तेल व खनिज तेल करीत नाही, असे दिसून आले. आपल्या भागात करडईचे तेल घरोघरी उपलब्ध असते, परंतु चरकाचार्यांनी कुसुंभतैल उष्ण व विदाही सांगितले असल्याने बालकांच्या डोक्यास ते आम्ही देत नाही. तेल टाळूवर ओतून न थांबता ते केसांच्या टोकांपर्यंत व गाठीवर बोटांनी जिरवावे. रूक्षता टोकाशी आहे, हे विसरू नये.

(२) विभाग : केसांचे चार भाग करून तीन भाग सैल बांधून ठेवावेत व एकेक भाग घ्यावा. सारे डोके एकदम हाताळू नये.

(३) बोटांनी उकल : गाठीच्या वरचा केस, म्हणजे गाठ व त्वचा यांच्यामधला भाग, डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरावा. त्यामुळे ओढ त्वचेपर्यंत पोहोचत नाही व मूल रडत नाही. मग गाठीच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून थोडे थोडे केस मोकळे करीत वर जावे. वरून खाली कंगवा ओढल्यास सर्व लहान गाठी खाली जमून एक मोठी गाठ होते. मातांकडून होणारी सर्वांत मोठी चूक ती हीच.

(४) प्रक्षालन : शिकेकाईचे चूर्ण दोन चहाचे चमचे एक पेलाभर पाण्यात रात्री भिजत घालावे, सकाळी कोमट करून दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. न गाळलेले चूर्ण केसांत अडकते व डोळ्यांत गेल्यास दाह करते. शिकेकाईतील फेनिल द्रव्ये जड पाण्याशी साका करीत नाहीत व तिचा काढा किंचित आम्ल असल्याने खवले बसते राहतात. रिठा अधिक रूक्ष व डोळ्यांस तीव्र असल्याने पाच वर्षांखाली आम्ही तो वापरीत नाही. मुलाची मान मागे झुकवून, कपाळावर घडी केलेले फडके धरून, काढा टाळूवर ओतावा व बोटांच्या पेरांनी मुळाशी हलके चोळावे. केस डोक्यावर गोळा करून चोळू नयेत. त्यांना खालीच लोंबू द्यावे.

पाणी कोमटाहून उष्ण नसावे. डोक्यावर उष्ण पाणी घेतल्याने केसांचे व डोळ्यांचे बल कमी होते, असे अष्टांगहृदयात दिनचर्याध्यायात स्पष्ट म्हटले आहे. पाणी फार जड असल्यास शेवटचे दोन तांबे उकळून, निवळून, थंड केलेले पाणी किंवा पावसाचे साठविलेले पाणी घ्यावे. उकळल्याने जडपणाचा काही भाग तळाशी बसतो.

(५) पिच्छिल लेप : रूक्ष व खर गुणांच्या विरुद्ध स्निग्ध व पिच्छिल हे गुण आहेत. त्यासाठी आम्ही जवसाचा उपयोग करतो. मोठा एक चमचा जवस दोन कप पाण्यात पाच ते सात मिनिटे उकळावे. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके बुळबुळीत झाले की गरम असतानाच गाळावे. थंड झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही. कोमट झाल्यावर धुतलेल्या ओल्या केसांस टोकांपासून वर लावावे व रुंद दातांच्या कंगव्याने, पुन्हा टोकांकडून मुळाकडे जात, विंचरावे. सरळ केस कोरडे असताना विंचरणे श्रेयस्कर, कारण ओला केस ताणला जाऊन लवकर तुटतो. कुरळ्या केसांत मात्र वळणे ओली व बुळबुळीत असतानाच सैल होतात, म्हणून नियम उलटा होतो. जवस नसल्यास भिजविलेल्या मेथीचा किंवा जास्वंदीच्या पानांचा गाळलेला बुळका चालतो. हे द्रव्य दररोज ताजे करावे, शिळे ठेवू नये.

(६) शोषण व वेणी : हलके धुऊन झाल्यावर जुन्या मऊ सुती कापडाने केस दाबून टिपावेत. टॉवेलने खसाखसा पुसल्यास अर्ध्या तासाचे श्रम वाया जातात. केस अर्धवट वाळल्यावर दोन सैल वेण्या घालाव्यात. घट्ट वेणीने कपाळाकडील केस गळतात. रात्री वेण्या घालूनच झोपवावे.

हा विधी आठवड्यातून एकदा पुरेसा आहे. मधल्या दिवसांत तेलाचे चार थेंब बोटांवर घेऊन मानेवरील भाग तेवढा मोकळा करावा. यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि सगळा प्रतिबंध या पाच मिनिटांत आहे.

जट सोडवावी की कापावी?

गाठ किती दिवसांची आहे यापेक्षा ती कशी लागते यावर निर्णय घ्यावा. बोटांनी दाबल्यावर केस वेगळे जाणवत असतील तर ती सोडवावी. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटांहून अधिक काळ मुलाला बसवू नये. मोठी गाठ दोन-तीन दिवसांत विभागून सोडवावी. गोळा नमद्यासारखा एकजीव झाला असेल, त्याखाली व्रण वा पूय असेल, किंवा मूल स्पर्शही सहन करीत नसेल, तर हट्ट न धरता कापावे. कापताना प्रथम कात्री उभी, म्हणजे केसांच्या दिशेने, चालवून गोळ्याचे पट्टे करावेत. पुष्कळदा त्यांतील निम्मे केस वाचतात. मुंडन करावयाचे झाल्यास नवे पाते वापरण्याचा आग्रह धरावा. पालकांच्या संमतीवाचून मात्र कात्री कधीही उचलू नये.

रुग्णानुभव

ऊसतोड कुटुंबातील चार वर्षांची एक बालिका एप्रिल महिन्यात आमच्याकडे मानेवरील कंडू व रात्रीच्या किरकिरीसाठी आणली गेली. केस अत्यंत दाट व कुरळे. मागील भागात तीन गाठी होत्या, पैकी मानेवरची आवळ्याएवढी व घट्ट. गाठीवर कुंकू व भंडारा लावलेला होता. खाली अरूंषिकेचे व्रण, उवा आणि मानेमागील ग्रंथी वाढलेल्या. आजीने सांगितले की फडावर असतानाच कोणीतरी ‘देवी आली’ म्हणून निर्वाळा दिला होता.

प्रथम तीन दिवस केवळ खोबरेल तेल व त्रिफळा-निंब काढ्याने व्रणप्रक्षालन केले. जटेविषयी आम्ही काहीही बोललो नाही. मुलीस शांत झोप लागू लागल्यावर आजीच्याच हाताने दोन लहान गाठी जवसाच्या लेपाने सोडवून घेतल्या. ‘देवीची असती तर माझ्या हातानं सुटली असती का?’ हा प्रश्न आजीने स्वतःच विचारला. तिसरी गाठ सुटण्यासारखी नव्हती. ‘कापली तर देवी कोपणार नाही ना?’ या तिच्या शंकेस आम्ही इतकेच म्हटले की, जी देवी जावळ आनंदाने घेते ती लेकराचा त्रास जावा म्हणून कापलेल्या केसांवर कशी रागावेल? दुसऱ्या दिवशी आई, वडील व आजी तिघेही आले. गाठ उभी चिरून काढली. खालचे व्रण आठ दिवसांत भरून आले व महिनाभरात ग्रंथी ओसरल्या. जूनमध्ये मुलगी दोन वेण्या घालून अंगणवाडीत जाऊ लागली.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. घरात निर्णय घेणाऱ्या व्यक्तीच्याच हातून पहिली गाठ सोडविली की अर्धे भय जाते. आणि श्रद्धेची थट्टा केल्यास रुग्ण पुन्हा येत नाही, गाठ मात्र वाढत राहते.

उवांविषयी सावधानता

गुंत्याबरोबर उवा बहुधा असतातच. तेल वा जवसाचा लेप लावून ओल्या केसांतून फणी फिरवणे, हे दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे करावे, कारण लिखांतून सात ते दहा दिवसांत नवीन उवा निघतात. घरातील सर्वांचे डोके एकाच वेळी तपासावे. सीताफळाच्या बियांचे चूर्ण उवांवर प्रसिद्ध आहे व आपल्या भागात सहज मिळते. परंतु ते डोळ्यांत गेल्यास बुबुळास तीव्र इजा होते, म्हणून लहान मुलांत आम्ही ते पूर्णतः निषिद्ध मानतो. रॉकेल व शेतातील कीटकनाशके डोक्यास लावणे तर जिवावर बेतू शकते. कापूर घातलेले तेलही लहान बालकांस देऊ नये, कापराच्या विषबाधेने आक्षेपक येतात.

औषधी दुकानदारांसाठी

ग्रामीण भागात आई वैद्याकडे येण्यापूर्वी दुकानात येते. म्हणून दुकानदारबंधूंस पुढील विनंती.

• शुद्ध, बारीक व वस्त्रगाळ शिकेकाई चूर्ण ठेवावे आणि त्याबरोबर गाळून वापरण्याची सूचना तोंडी द्यावी.
• नावात ‘शिकेकाई’ असलेला साबण हा शेवटी साबणच असतो, हे ग्राहकास सांगावे. शिकेकाई करणे शक्य नसेल, तर अंगाच्या साबणापेक्षा मुलांचा सौम्य शॅम्पू बरा. तो जड पाण्यात साका करीत नाही.
• फणी व रुंद दातांचा कंगवा दोन्ही ठेवावेत. फणी उवांसाठी, कंगवा गुंत्यासाठी. फणीने गुंता काढण्याचा प्रयत्न मुलास कायमचा भिववितो.
• गुंत्यासाठी महागडी केशवर्धक तेले देऊ नयेत. केस वाढविणे हा येथे प्रश्नच नाही. पाव किलो जवस व तिळाचे वा खोबऱ्याचे साधे तेल पुरते.
• ‘मुलीला जट आली आहे’ असे कोणी म्हटल्यास तिला त्याच दिवशी जवळच्या वैद्याकडे पाठवावे.

उपसंहार

स्नेहन, प्रक्षालन व प्रसाधन हे तीन उपक्रम दिनचर्येतील अत्यंत साधे उपक्रम होत. त्यांचे साधेपणच आपल्याला त्यांच्याकडे दुर्लक्ष करावयास लावते. दाट कुरळ्या केसांच्या बालिकेत मात्र ते प्रतिबंधात्मक चिकित्सेचे काम करतात. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी, म्हणजे नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान, आणि कुटुंबे परतल्यावर गुढीपाडव्यानंतर, असे वर्षातून दोन वेळा आपापल्या गावातील अंगणवाडीत एक सकाळ खर्च करून मुलांची डोकी तपासावीत व मातांना उकलविधी प्रत्यक्ष करून दाखवावा, अशी आमची सर्व व्यवसायबंधूंना आग्रहाची सूचना आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक आईच्या गाठोड्यात एक रुंद कंगवा व तेलाची बाटली आहे ना, एवढे विचारावे. यास खर्च जवळजवळ नाही, यंत्रसामग्री नाही, आणि एखाद्या मुलीच्या मानेवरील गाठीला ‘देवीची खूण’ हे नाव पडण्यापूर्वीच ती सुटलेली असेल.